दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य सामूहिक उपासनेला, जाणारा ख्रिस्ती माणूस न जाणाऱ्यापेक्षा देवाला जास्त प्रिय असतो का?

नाही. असं मानणाऱ्यांनाच उद्देशून येशूने परूशी (धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा यहुदी) आणि जकातदार (लोक ज्याला पापी समजत असा करवसुली करणारा) यांचा दाखला दिला (बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, 18:9-14). परूशी मंदिरात आपले उपास आणि दशांश (देवाला दिलेला उत्पन्नाचा दहावा हिस्सा) मोजून दाखवतो. जकातदार दूर उभा राहून, नजरही वर न करता, ऊर बडवत दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार! गोव्यातल्या चर्चमध्येही मिस्साच्या सुरुवातीलाच पाद्री आणि लोक मिळून आपापली पापं कबूल करतात. शेजाऱ्याची नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. अर्थात, म्हणून घरीच बसावं असं नव्हे. रविवारी मिस्साला जाणं कॅथलिकांना बंधनकारकच आहे; आजारपणासारखं रास्त कारण असेल तर सूट मिळते.