स्मार्ट स्विच घेण्याआधी बोर्डात न्यूट्रल आहे का ते बघा

भिंतीवरचा साधा स्विच काढून वायफायचा बसवायचा, या विषयावर इतके प्रश्न साचलेत की एकेकाला वेगळं उत्तर देणं शक्य नाही. गावं वेगळी, घरं वेगळी, पण घोळ तेच. म्हणून निवडक प्रश्न इथे एकत्र घेतो. एक आधीच सांगतो. तुमचा बोर्ड मी पाहिलेला नाही. त्यामुळे इथलं वाचून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका, परवानाधारक वायरमनला बोलवा.

मुलाने न्यू जर्सीहून दोन स्मार्ट स्विच पाठवलेत. इथे चालतील का? (पुणे)

नाही. तिकडचे बहुतेक स्विच 120 व्होल्टसाठी असतात, आपल्याकडे 230 आहे. शिवाय ते आपल्या बोर्डाच्या खाचेत बसतही नाहीत.

घरात फाइव्ह-जी राउटर आहे, तरी स्विच जोडला जात नाही. दुकानदार म्हणतो राउटर बदला. (नाशिक)

राउटर बदलू नका. यातले बहुतेक स्विच फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. तुमचा मोबाइल 5 गिगाहर्ट्झवर असणार. राउटरच्या सेटिंगमध्ये 2.4 चालू करा, मोबाइल त्यावर घ्या आणि मग जोडा. मोबाइल कंपनीच्या फाइव्ह-जीचा याच्याशी संबंध नाही. तरीही रेंज मिळाली नाही, तर बोर्डामागचा डबा पत्र्याचा आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. पत्रा लहरी अडवतो.

जिन्याच्या बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) नव्हता. वायरमनने स्विचची न्यूट्रलची वायर अर्थिंगला जोडून दिली. "सगळे असंच करतात, काही होत नाही," म्हणाला. स्विच व्यवस्थित चालतोय. मग अडचण काय? (सांगली)

चालतोय हीच अडचण आहे. चालला नसता तर तुम्ही तो काढून तरी टाकला असता.

साधा स्विच म्हणजे फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरच्या, वाटेवरचं एक फाटक. त्याला स्वतःला वीज लागत नाही, म्हणून न्यूट्रलही लागत नाही. स्मार्ट स्विचच्या पोटात मात्र वायफायचं सर्किट चोवीस तास जागं असतं. त्याला वीज आत यायला फेज लागतो आणि परत जायला न्यूट्रल. आपल्याकडे बोर्डावर प्लग पॉइंट असला की न्यूट्रल तिथे आलेला असतोच, त्यामुळे बहुतेक घरांत प्रश्न येत नाही. तो येतो जिन्याच्या टू-वे स्विचला, पलंगाशेजारच्या एकट्या बटणाला, बाथरूमबाहेरच्या स्विचला. तिथे नुसता फेज येतो आणि दिव्याकडे परत जातो.

अशा ठिकाणी हिरवी वायर समोर लोंबत असते आणि वायरमनला घाई असते. हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. एरवी तिच्यातून प्रवाह वाहायचाच नसतो, ती बिघाडाच्या क्षणासाठी राखलेली असते. तुमच्या घरात आता स्विचचा प्रवाह रात्रंदिवस तिच्यातून परत जातोय. काही मिलीअँपिअर आहे, म्हणून कळत नाही. पण उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला, क्लॅम्प गंजला किंवा रंगकामात कोणी ती वायर तोडली, तर प्रवाहाला जमिनीत जायची वाट उरत नाही. मग तो फेज स्विचमधून अर्थिंगच्या वायरवर येतो आणि ती वायर जिथे जिथे गेली आहे तिथे पोचतो. फ्रिजचा पत्रा, वॉशिंग मशीनची बॉडी, गिझर. "फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात," अशी तक्रार घेऊन लोक फ्रिजवाल्याला बोलावतात. फ्रिज निर्दोष असतो. दोषी बसलेला असतो जिन्यात.

दुसरी गोष्ट आरसीसीबीची, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या खटक्याची. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो पाहतो. घरगुती आरसीसीबी 30 मिलीअँपिअरचा फरक सहन करत नाही. अर्थिंगवर टाकलेल्या एका स्विचने तो पडत नाही, म्हणजे वीज तोडत नाही. असे चार-पाच झाले, त्यात इतर उपकरणांची थोडी गळती मिसळली, की तो अवेळी पडायला लागतो. मग तोच वायरमन येतो, "आरसीसीबी खराब झालाय" म्हणतो आणि तो बायपास करून जातो. म्हणजे आधी अर्थिंग बिघडवलं, मग ते ओळखणारं यंत्रही काढून टाकलं. "सगळे असंच करतात" हे मी ऐकून ऐकून थकलो आहे.

योग्य मार्ग आहेत. त्याच सर्किटचा न्यूट्रल भिंतीतल्या पाइपमधून नव्या काळ्या वायरने बोर्डापर्यंत ओढता येतो. शेजारच्या दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेऊ नका, त्यानेही आरसीसीबी पडू शकतो. पाइपमध्ये जागा नसेल तर मॉड्यूल, म्हणजे स्मार्ट स्विचचा वायफायवाला भाग, बोर्डात न बसवता दिव्याच्या पॉइंटपाशी बसवता येतं, कारण न्यूट्रल तिथे असतोच. यातलं काहीच जमत नसेल तर तो जिना साध्या स्विचवर राहू द्या. मोबाइलवरून जिन्याचा दिवा लावला नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही.

तुम्ही आज एवढंच करा. त्या बोर्डाचा एमसीबी (त्या लाइनची वीज तोडणारा खटका) बंद ठेवा आणि दुसऱ्या परवानाधारक वायरमनकडून जोडणी दुरुस्त करून घ्या. त्याच भेटीत अर्थिंग तपासायला सांगा. आणि बाकीच्या वाचकांनी आपल्या वायरमनला एकच प्रश्न विचारावा: हा न्यूट्रल कुठून आणला?

न्यूट्रल न लागणारा स्मार्ट स्विच घेतला. दिवा बंद केला तरी मिणमिणतो. भूत नाही ना, असं सासूबाई विचारतात. (कोल्हापूर)

सासूबाईंना सांगा, भूत नाही. हे स्विच स्वतःला लागणारी वीज दिव्यातूनच ओढतात, म्हणजे बंद असतानाही थोडा प्रवाह दिव्यातून जात राहतो. जुना पिवळा बल्ब तेवढ्याने पेटत नसे, 5-7 वॉटचा एलईडी मात्र मिणमिणतो किंवा लुकलुकतो. खोक्यात एक छोटा कपॅसिटर दिलेला असतो, तो दिव्याला समांतर लावायचा असतो. बसवणारे तो हमखास खोक्यातच ठेवून जातात. तो लावूनही मिणमिणलं तर फेजऐवजी न्यूट्रल स्विचवर घेतलाय का ते तपासून घ्या. तसं असेल तर दिवा बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो आणि बल्ब बदलणारा कधीतरी चिकटतो.

खोक्यावर 16 अँपिअर लिहिलंय. गिझर लावू ना? ऑफिसातून निघताना चालू करता येईल. (ठाणे)

खोक्यावर विसंबून नका लावू. 2 किलोवॉटचा गिझर 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढतो, 3 किलोवॉटचा 13. आकडा 16 च्या आत दिसतो आणि विक्रेते त्याच्यावरच माल खपवतात. बाहेर 16 छापलेलं आणि आत 10 अँपिअरचा रिले (प्रत्यक्ष वीज जोडणारा-तोडणारा खटका), असला मालही बाजारात आहे. रिलेचे संपर्क तापून चिकटले तर मोबाइलवर "बंद" दिसतं आणि गिझर चालूच राहतो. शिवाय गिझरचा डीपी स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, हे मॉड्यूल सहसा फक्त फेज तोडतं. म्हणून डीपी स्विच काढायचा नाही. हौसच असेल तर मॉड्यूलने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह झेलणारा खटका, चालवा आणि कॉन्टॅक्टरने गिझर. ते काम वायरमनचं. पाण्याच्या मोटारीलाही हेच, कारण सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते.

आणि अॅपमध्ये "वीज परत आल्यावर" अशी सेटिंग असते. गिझर आणि मोटारीसाठी ती "बंद" ठेवा. नाहीतर वीज जाऊन परत आली की घरात कोणी नसताना मोटार सुरू होईल.

स्मार्ट स्विचने बिल तीस टक्के कमी होतं म्हणे? (नागपूर)

कोण म्हणे? विकणारा. स्विच वीज वाचवत नाही, तुम्ही विसरलेला दिवा बंद करायची सोय देतो. उलट एक मॉड्यूल सतत 1 वॉट खात असेल तर वर्षाला पावणेनऊ युनिट होतात. पाच मॉड्यूल बसवली तर सुमारे 44. बिल कमी करायचं असेल तर 75 वॉटचा जुना पंखा बदला.

पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणारा, रिमोटचा) आहे. स्मार्ट रेग्युलेटर लावू? (अमरावती)

नको. त्याला नुसता चालू-बंद स्विच द्या, वेग त्याच्या रिमोटवर.

इंटरनेट गेलं तर अंधारात बसायचं? (मडगाव)

नाही. भिंतीवरचं बटण चाललंच पाहिजे. ज्यात ते चालत नाही ते मॉड्यूल घेऊ नका.

मुलाने व्हिडिओ बघून स्विच बदलायला घेतला. मेन स्विच बंद केला होता, तरी झटका बसला. असं कसं? (छत्रपती संभाजीनगर)

घरात इन्व्हर्टर असणार. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो इमानाने दिवे-पंख्यांच्या लाइनवर वीज सोडतो. बोर्ड अजिबात मेलेला नसतो. बोर्ड उघडण्याआधी इन्व्हर्टरही बंद करून त्याची आउटपुट लाइन तोडावी लागते आणि वीज नाही याची मीटरने खात्री करावी लागते. नुसत्या टेस्टरवर भरवसा नको. व्हिडिओतल्या घरात इन्व्हर्टर नव्हता. मुलाला चक्कर, छातीत धडधड किंवा हातावर भाजल्याची खूण असेल तर आधी डॉक्टरकडे न्या, स्विचचं नंतर.

तीन आठवड्यांपूर्वी आठ बटणांच्या बोर्डात चार मॉड्यूल बसवली. आता बोर्ड गरम लागतो, कधीकधी जळकट वास येतो. वायरमन दिवाळीनंतर येतो म्हणतो. थांबू का? (सोलापूर)

थांबू नका. हे वाचताय तेवढ्यात उठून त्या बोर्डाचा एमसीबी खाली पाडा. दाटीवाटीने कोंबलेल्या वायरी, नीट न आवळलेला स्क्रू किंवा झेपणार नाही इतका लोड, यातलं काहीतरी आत जळतंय. वायरमन दुसरा शोधा. तो येईपर्यंत त्या खोलीत दुसऱ्या सर्किटवरचा टेबल लॅम्प लावा आणि बोर्ड स्वतः उघडू नका.