अमेरिकेत पगारी आणि स्वयंसेवक अग्निशामकांचं प्रशिक्षण एकत्र घेता येतं का? प्रमुखाने काय सांभाळावं?

घेता येतं, आणि घ्यावंच. समोरचा पगारी आहे की हौशी हे आग बघत नाही. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संघटनेचं अग्निशामकांच्या पात्रतेचं मानकही (आधी १००१, आता १०१० मध्ये सामावलेलं) दोघांना एकच. अडचण वेळेची. स्वयंसेवक नोकरी आटोपून संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी येतो. म्हणून तासिका वेगळ्या ठेवा, पण पाण्याचा होज ओढणं, शिडी लावणं, श्वसनयंत्र चढवणं एकत्रच. उद्या आगीत ते शेजारी-शेजारी असणार आहेत.

प्रमुखाची खरी कसोटी प्रत्यक्ष आग लावून केलेल्या सरावात. २००१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिलला अशा सरावात, आत अडकलेल्याची भूमिका करणारा नवखा स्वयंसेवक जिवानिशी गेला. सराव घेणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालला आणि तो दोषी ठरला. अशा सरावांसाठीचं एनएफपीए १४०३ हे मानक तेव्हाही होतंच. ते जिवंत माणसाला 'बळी' म्हणून आत ठेवू देत नाही आणि पाच शिकाऊंमागे किमान एक प्रशिक्षक मागतं. आत पुतळा ठेवा, बाहेर पडायच्या वाटा आधी सगळ्यांना चालून दाखवा.

आणि हो, 'आम्ही वीस वर्षं असंच करतोय' म्हणणारा एखादा भेटतोच. त्याला सुरक्षा अधिकारी नेमू नका.