ॲबिंग्डनला येताय? टाउन कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिका नव्हे

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला भाड्याचं घर ठरलंय. कर, मतदारयादी आणि मुलीची शाळा ही तिन्ही कामं टाउन कौन्सिलच्या कचेरीत होतील का, असं तुम्ही विचारलंय. तिथे यातलं एकही होत नाही.

गाव जुनं, सनदेचं. गावावर सत्ता असलेला मठ 1538 मध्ये बंद झाला आणि 1556 च्या राजसनदेने गावाला स्वतःचा मेयर मिळाला. पण 1972 च्या कायद्याने 1 एप्रिल 1974 पासून जुन्या बरोंचा, म्हणजे अशा सनदी गावांचा, कारभार काढून घेतला. मेयरची पदवी आणि मान राहिला, मोठे अधिकार वरच्या डिस्ट्रिक्ट आणि काउंटी या कौन्सिलांकडे गेले; टाउन कौन्सिल ही सगळ्यात खालची पातळी. म्हणून मेयर दिसला की त्याला आपला नगराध्यक्ष समजू नका. त्याला नगरसेवक वर्षभरासाठी निवडतात आणि काम मुख्यतः सभा चालवण्याचं, समारंभाचं.

कर आणि कचरा व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स डिस्ट्रिक्टकडे, शाळाप्रवेश आणि रस्ते ऑक्सफर्डशर काउंटीकडे. पाणी तर कोणत्याच कौन्सिलकडे नाही, त्याची कंपनी वेगळी.

सगळ्यात जास्त घोळ काउन्सिल टॅक्सचा होतो. आपल्याकडे घरपट्टी मालकाच्या नावावर असते. इथे स्वतंत्र घर भाड्याने घेतलं की हा कर साधारणपणे भाडेकरूच भरतो. ए ते एच असे गट आहेत, तेही घराच्या 1 एप्रिल 1991 च्या किमतीवर. करार करण्याआधी सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून गट बघाच. बिल डिस्ट्रिक्ट पाठवतं, पण त्यात काउंटी, पोलीस आणि टाउन कौन्सिल यांचे वाटे वेगळे छापलेले असतात. सगळ्यात मोठा काउंटीचा. सहसा 10 हप्ते असतात, मागितले तर 12 मिळतात. हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं; 7 दिवसांत भरला नाही तर वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागतात. कुटुंब मागाहून येणार असेल तर तोवर एकट्याची 25 टक्के सवलत मागा, आणि जोडीदार आला की लगेच कळवा. न कळवल्यास फरक वसूल होतोच, दंडही होऊ शकतो.

मतदारयादी डिस्ट्रिक्टकडेच. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून वैध व्हिसावर राहत असतील तर संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतात. नाव जरूर नोंदवा, बँका पत जोखताना ही यादी पाहतात. मतदानाला ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो.

पहिलीच्या आधीच्या रिसेप्शन वर्गाच्या अर्जाची शेवटची तारीख 15 जानेवारी, माध्यमिकची 31 ऑक्टोबर. वर्षाच्या मध्ये येणार असाल तर अर्जाची पद्धत वेगळी. काउंटीच्या संकेतस्थळावर पाहा.

टाउन कौन्सिलकडे जायचं ते भाजीपाला पिकवायच्या जमिनीच्या तुकड्यासाठी, म्हणजे अलॉटमेंटसाठी. पूर्ण तुकडा परंपरेने 10 रॉड या जुन्या मापाचा, साधारण 250 चौ. मी.; नवख्याने अर्धाच मागावा. रांग असते, म्हणून आल्याआल्या नाव घाला.

आणखी एक. डिस्ट्रिक्ट आणि काउंटी एकत्र करण्याचं धोरण सरकारने डिसेंबर 2024 मध्ये जाहीर केलंय. त्यामुळे अर्ज भरताना जुन्या चिठ्ठीवरच्या नावावर विसंबू नका, पोस्टकोड टाकून त्या दिवशीची कौन्सिल शोधा.