कोबे शहरात परदेशी माणसाचं रोजचं जगणं कसं असतं? तिथल्या कुठल्या रीती सांभाळाव्या लागतात?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची कोबेला बदली झालीय, दोघंही शाकाहारी, जपानीचा गंध नाही, आणि शेजारीपाजारी कसं वागायचं ते कुणी धड सांगत नाही. माझा संसार कोबेच्या नादा भागातच आहे, त्यामुळे टोकियो-क्योतोच्या पर्यटकांना देतात त्या सूचना सोडून इथलंच सांगते.

पहिली गोष्ट, तोंडावर तुम्हाला कुणीही काही सुनावणार नाही. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अधूनमधून एक कागद लागतो: 'सर्व रहिवाशांना नम्र विनंती, रात्री उशिरा यंत्रांचा आवाज टाळावा.' विनंती सगळ्यांना असते, पण ती कुठल्या घरासाठी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. लेकी बोले सुने लागे, तोच प्रकार. शेजाऱ्याची तक्रार इमारत सांभाळणाऱ्या कंपनीकडे जाते आणि तिथून असा कागद येतो. तेव्हा मिक्सर आणि वॉशिंग मशीन रात्री नऊनंतर लावूच नका, आणि लिफ्टमधले कागद मोबाइलने भाषांतर करून वाचत जा.

यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसतो: सामान लागलं की पहिल्याच आठवड्यात शेजारच्या दोन्ही घरी आणि वरच्या-खालच्या घरी जाऊन ओळख करून द्यायची. पाचशे ते हजार येनची छोटी भेट न्यायची, बिस्किटांचा पुडा किंवा हात पुसायचा टॉवेल. ही इथली जुनी पद्धत आहे. एकट्यादुकट्या भाडेकरूंच्या इमारतींत ती आता फारशी पाळत नाहीत, तरी तुम्ही जाच. तुम्हाला जपानी येत नाही याचं दडपण तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त असतं. एकदा चेहरा दिसला की जिन्यात मान झुकायला लागते. त्याच भेटीत 'आम्ही मांस-मासे खात नाही' हेही सांगून टाका. का, ते पुढे येईलच.

कचऱ्याबद्दल सगळेच सांगतात, मी फक्त कोबेपुरतं सांगते. जळणारा कचरा, प्लास्टिकची वेष्टनं, डबे-बाटल्या आणि न जळणारा कचरा, यांसाठी पालिकेने ठरवलेल्या वेगवेगळ्या पिशव्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा नेतात. ठरल्या दिवशी पहाटे पाच ते सकाळी आठ या वेळेतच पिशवी आपल्या गल्लीतल्या 'क्लीन स्टेशन'वर ठेवायची आणि वर जाळी ओढायची. आदल्या रात्री ठेवणाऱ्यांवर लोक चिडतात, त्याला कारण आहे. कावळे तर आहेतच, पण रोक्को डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांत रानडुकरं उतरतात. त्यांना खायला घालायला बंदी करणारा नियम पालिकेने 2002 सालीच केलाय. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडतात, आणि ती दिवसभर सगळ्यांसमोर बसून राहते. जुना सोफा, गादी वगैरे टाकायची तर आधी नोंदणी करून त्याचं तिकीट विकत घ्यावं लागतं.

मोहल्ल्याच्या मंडळात तुमचं घर धरलं असेल तर एक पाटी फिरत येईल, तिला काइरानबान म्हणतात. तिच्यावर सूचनांचे कागद अडकवलेले असतात. वाचायचं, आपल्या रकान्यात सही किंवा शिक्का मारायचा आणि पुढच्या दाराला लटकवायची. अडवून ठेवू नका, एवढंच.

पत्ता विचारलात तर कोबेकर उत्तर-दक्षिण म्हणत नाही. डोंगराची बाजू आणि समुद्राची बाजू, बस्स. डिपार्टमेंट स्टोअरच्या आतल्या पाट्यांवरसुद्धा हेच लिहिलेलं असतं. शहर म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यात दबलेली लांब पट्टी. ओसाकाकडे जाणाऱ्या तीन रेल्वेही डोंगराकडून समुद्राकडे याच क्रमाने धावतात: हांक्यू, जेआर, हानशिन. मुंबईत पूर्व-पश्चिम करणाऱ्याला हे दोन दिवसांत जमतं. आणि सरकत्या जिन्यावर इकडे उजवीकडे उभं राहतात, टोकियोत डावीकडे.

आता मासे. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये इकानागो नावाच्या बारीक माशांचा हंगाम सुरू होतो. सोया सॉस, साखर आणि आलं घालून घरोघरी ते आटवतात आणि डबे भरभरून नातेवाइकांना, शेजाऱ्यांना वाटतात. गल्लीत तो वास दरवळला की थंडी संपत आली असं इथली माणसं समजतात. (आपल्या फोडणीच्या वासाबद्दल उगाच लाजू नका म्हणते ते यासाठीच.) 2017 पासून हा मासा फारच कमी मिळतोय, हंगाम काही दिवसांत आटोपतो, भाव चढलेत, तरी जुन्या बायका डबा पोचवतातच. दारात 'नको' म्हणणं दोघांनाही अवघड जातं, म्हणून आधीच सांगून ठेवा. माझ्या समोरच्या आजी मला मासे न देता वसंतात बांबूचे कोवळे कोंब उकडून देतात. आपल्याकडे जसं शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तसंच इथेही. मी शंकरपाळे देते, त्यावर त्या संत्री आणतात, मग पुन्हा माझी पाळी. हा हिशेब कधीच मिटत नाही, मिटवूही नये.

बाहेर खाताना मात्र सांभाळा. भाजीच्या सूपमध्ये, नूडल्समध्ये, टोफूच्या रश्शातसुद्धा माशाचा अर्क असतो, आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटत नाही. घरच्या स्वयंपाकाची अडचण नाही. डाळी, पिठं, मसाले मिळतात, कारण भारतीय व्यापारी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 1893 साली जपानची पहिली दूर पल्ल्याची नियमित बोटसेवा सुरू झाली ती कोबे ते मुंबई, आपल्याकडच्या कापसासाठी, आणि तिच्यामागे जमशेटजी टाटाही होते. 1923 साली टोकियोजवळच्या योकोहामात भूकंप झाला, त्यानंतर तिथले बरेच सिंधी व्यापारी इकडे आले. कितानो भागात 1985 साली बांधलेलं संगमरवरी जैन मंदिर आहे, जरूर जा.

17 जानेवारी लक्षात ठेवा. 1995 साली त्या दिवशी पहाटे 5:46 ला झालेल्या भूकंपात 6,434 माणसं गेली. दरवर्षी त्याच मिनिटाला हिगाशी युएन्ची बागेत लोक दिवे लावून उभे राहतात. शेजारच्या वयस्कर माणसाकडे तो विषय आपणहून काढू नका, त्यांनी काढला तर ऐका. त्यानंतर शहरात मोहल्लावार आपत्ती-गट उभे राहिले, त्यांना 'बोकोमी' म्हणतात. त्यांच्या कवायतीचं पत्रक आलं की भाषा येत नसली तरी जा. बादल्यांची रांग, अग्निशामक नळकांडं, गरम सूप, असा तो बेत असतो. कुठल्या घरात कोण राहतं हे तिथेच कळतं, आणि तुमच्या घरात दोन माणसं आहेत हे त्यांनाही.

सामान बांधताना एक विचारून घ्या: घरात गॅस आहे की इंडक्शन शेगडी. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, स्टीलचा आणा. आल्यावर घराचा पत्ता चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात नोंदवायचा असतो. तिथेच कचऱ्याचं वेळापत्रक मागा, इंग्रजीतही मिळतं.