नाण्यांची चौकशी : चकतीचा दोष की नाण्याला बसलेला मार?

प्रश्न : माझ्याकडे 1835 चा कंपनी सरकारचा पाव आणा आहे. पानांच्या माळेला लागून तीन-चार मिलिमीटरचा खळगा आहे. फोर्टमधल्या एका विक्रेत्याने ‘मार लागलेलं नाणं’ म्हणून निम्मा भाव सांगितला. हा खळगा टाकसाळीतलाच असू शकेल का? (गिरगाव)

असू शकतो, आणि घरच्या घरी तपासताही येतो. खिडकीशी बसा, नाणं तिरपं धरा आणि दहापट भिंगातून खळग्याचा तळ पाहा. तळाशी माळेची पानं पुसट का होईना उमटलेली दिसली, तर ठसा पडण्याआधीच चकतीत, म्हणजे नाण्याच्या कोऱ्या तुकड्यात, खड्डा होता. तळ कोरा असेल, पण त्यावर एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेघा असतील, तर तांब्याचा पापुद्रा ठसा पडल्यानंतर सुटला आहे. दोष तरीही टाकसाळीचाच. ओतीव तांब्यात हवेचा बुडबुडा किंवा मळी अडकून राहते, पत्रा लाटताना ती पसरून चपटी होते आणि तेवढ्या जागी वरचा थर खालच्या थराला धरत नाही.

माराची खूण वेगळी. हत्यार लागलं की तांबं नाहीसं होत नाही, बाजूला सरकतं. त्यामुळे खळग्याच्या काठाला उंचवटा येतो आणि शेजारची अक्षरं वाकतात किंवा दबतात. मार ताजा असेल तर तळ बाकीच्या नाण्यापेक्षा लालसर दिसतो. सोनाराच्या काट्यावर वजनही करून घ्या. पाव आण्याचं ठरलेलं वजन 100 ग्रेन, म्हणजे 6.48 ग्रॅम. मात्र झिजेनेही वजन उतरतं, तेव्हा निव्वळ वजनावरून निकाल देऊ नका.

आता भावाचं. टाकसाळीचा दोष म्हणून किंमत अजिबात उतरत नाही, असं नाही. अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या सेंटचे संग्राहक वापरतात ती रीत इथेही उपयोगी आहे. नाण्याची अवस्था 1 ते 70 गुणांत सांगणारी शेल्डन यांची मोजपट्टी 1949 मध्ये त्याच नाण्यांसाठी तयार झाली; गुण तिच्यावरचे धरायचे. आधी दोष झाकून नुसत्या तपशिलाला, म्हणजे चित्र-अक्षरं किती शाबूत आहेत त्याला, गुण द्यायचे, मग दोषाचे गुण वजा करून उरलेल्या गुणांचा भाव लावायचा. तपशील 20 गुणांचा असला तरी नाणं 12 गुणांच्या भावाने जाऊ शकतं. किती वजा करायचे हे जागेवर ठरतं. खळगा सनावर किंवा सिंहांच्या चिन्हावर असेल तर जास्त, कडेच्या मोकळ्या जागेत असेल तर थोडे. तुमचा खळगा माळेला लागून आहे, म्हणजे मधला प्रकार. 1835 चा पाव आणा मुबलक मिळतो, त्यामुळे गिऱ्हाईक निर्दोष नाण्याकडे वळतं हेही खरं. दुर्मिळ नाण्याला हाच खळगा पुष्कळ कमी नडतो. तरीही तळात पानं दिसत असतील, तर ‘मार’ म्हणून निम्म्यावर नाणं सोडू नका.

प्रश्न : शिवराईच्या काठाला चीर आहे आणि ‘श्री राजा शिव’मधलं ‘श्री’ अर्धंच आलंय. किंमत फार पडेल का? (डोंबिवली)

चिरेमुळे फारशी नाही. शिवराई हाताने ठोकलेलं नाणं. घणाखाली तांबं पसरतं तेव्हा कड फाटते, ही नेहमीची गोष्ट. ठशापेक्षा चकती लहान असल्यामुळे अक्षरंही कापली जातात. भाव ठरतो तो मजकूर किती आलाय यावर. एका बाजूला तीन ओळी, दुसरीकडे ‘छत्रपति’च्या दोन ओळी आणि भोवतीचे ठिपके, यांतलं जितकं वाचता येईल तितकं नाणं चढं. चीर मजकुरात शिरून अक्षर तोडत असेल तरच जास्त वजा करा.

काळजी घ्यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. पृष्ठभागावर गोल-गोल बारीक छिद्रं असतील, अक्षरांच्या कडा मऊ असतील आणि काठाभोवती घासलेली शिवण दिसत असेल, तर ते साच्यात ओतलेलं बनावट नाणं असण्याची दाट शक्यता आहे. विक्रेते ही छिद्रं ‘चकतीचा दोष’ म्हणून खपवतात. जमिनीत पडून गंजाने खाल्लेल्या नाण्याचे खड्डे वेडेवाकडे असतात आणि त्यांच्या तळाशी बहुतेकदा हिरवा-काळा थर चिकटलेला असतो. विकत घेण्याआधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या नाणेदालनात अस्सल नाणी नीट पाहून या. नजर तयार होते.

प्रश्न : चिरेत साचलेली घाण चिंच-मीठ लावून काढू का? (दादर)

मुळीच नको. आम्लाने तांब्याचा जुना तपकिरी रंग उडतो, चीर गुलाबी होऊन उठून दिसते आणि मूळ दोषापेक्षा धुतल्याचीच तूट मोठी होते. तेलकट मळ असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घेऊन नाणं बुडवून ठेवा. खिडकी उघडी हवी, जवळ गॅस पेटता नको. नखरंग पुसायचं द्रावण वापरू नका, त्यात तेल आणि रंग असतात. बाहेर काढल्यावर न घासता वाळू द्या. हिरवी भुकटी पुसूनही पुन्हा येत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आणि पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत तांबं ठेवू नका.