आधी वॉलरबाई, मग पिक्चर

अरे, तुरुंगातल्या गुंडांना सरकारी मोहिमांवर धाडणाऱ्या टोळीचा २०१६ चा 'सुसाइड स्क्वॉड' पिक्चर बघून मूळ कॉमिकला नावं ठेवू नकोस. सांगलीत बघायला गेलो तेव्हा चोरून नेलेलं भडंग मध्यंतराआधीच संपलं, तरी टोळीची ओळखपरेड चालूच!

तू लेखक जॉन ऑस्ट्रँडरचे १९८७ पासूनचे अंक धर. त्यात भीती गुंडांची नाही, टोळी चालवणाऱ्या सरकारी बाईची, अमांडा वॉलरची वाटते. दहाव्या अंकात ती बॅटमॅनला तोंडावर दम देते, की तुझं खरं नाव शोधून काढीन. आणि तो गडी चक्क माघारी जातो! पिक्चरमधली हार्ली क्विन तेव्हा जन्मलीही नव्हती, ती १९९२ ला कार्टूनमधून आली.

मग दिग्दर्शक जेम्स गनचा २०२१ चा पिक्चर बघ. घरच्यांसोबत नको, रक्ताचा चिखल आहे. माझे अंक नेशील, पण भडंगाचे तेलकट हात धुऊन.