टीव्हीवरच्या शेफसारखं का जमत नाही?

प्रश्न : टीव्हीवरचे शेफ चार मिनिटांत मश्रूम खरपूस परततात. माझ्या पॅनमध्ये नुसतं पाणी सुटतं. असं का?

उत्तर : मश्रूममध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पाव किलो एकदम टाकले की पॅन थंडावतो, सुटलेलं पाणी उडत नाही आणि मश्रूम वाफेवर शिजतात. २८ सेंटीमीटरचा पॅन मोठ्या आचेवर तापवा, दोन खेपांत परता, पहिली दोन मिनिटं हलवू नका. मीठ अगदी शेवटी.

ती चार मिनिटं मात्र खरी धरू नका. कच्चा, अर्धवट शिजलेला, तयार असे पदार्थ आधीच मांडलेले असतात. १९६३ साली अमेरिकेत पाककृतींच्या लेखिका ज्यूलिया चाइल्ड यांचा स्वयंपाकाचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, तेव्हाही हीच पद्धत होती.